मुदतवाढ

भोपाळ,
१० जून २०२४

प्रिय मैना,

पत्र बघून घाबरू नकोस, घरचे सगळे ठीक आहेत. तुझ्या करवंदेपाड्यावर फोन लागत नाही, आणि लागला तरी 'हो', 'बरं', 'ठेवते' यापुढे तू जात नाहीस. म्हणून कागदावर लिहिते आहे. हातात कागद पडला की तू उत्तर देतेसच, ही तुझी सवय मला वसतिगृहापासून माहीत आहे.

काम असं आहे. आपल्या राष्ट्रीय विद्यापीठाला पुढच्या मार्चमध्ये चाळीस वर्षं पूर्ण होतायत. त्यानिमित्त इथल्या नामवंत विद्वानांचा आणि पदवीधरांचा एक मोठा ग्रंथ निघणार आहे. मी इथे शिकवायला लागून पाच वर्षं झाली, तर मलाही संपादक मंडळात घेतलंय. पहिली यादी हातात आली. माजी कुलगुरू, दोन न्यायाधीश, एक मंत्री, परदेशात गेलेले अकरा प्राध्यापक. मी बैठकीत म्हटलं, डॉक्टरेट घेऊन पुन्हा आपल्या पाड्यावर जाऊन आश्रमशाळेत शिकवणारी एक बाई मला माहीत आहे, ती यात का नाही? अध्यक्ष म्हणाले, "नाव द्या."

तेव्हा मला चार गोष्टी कळव. पीएच.डी. मिळाल्याचं वर्ष, प्रबंधाचं नक्की शीर्षक, सध्याचं काम आणि एक बरा फोटो. ओळखपत्रावरचा नको, त्यात तू चोरासारखी दिसतेस.

आठवतंय का, आमचा ओवेस तुमच्या आश्रमशाळेत गाद्या पोचवायला आला होता? २०१६ साल असेल. त्यानं फाट्यावरच्या कमानीचा फोटो मला पाठवला होता. 'डॉ. मैना भोये यांचे हार्दिक अभिनंदन.' मी तेव्हा उज्जैनच्या कॉलेजात होते. तो फोटो बघून मी स्टाफरूममध्ये एकटीच रडले. का, ते तुला कधीतरी सांगेन. त्या दिवशी मी फार हलकी झाले होते, एवढंच आत्ता सांगते.

अब्बांनी दुकान आता ओवेसच्या हाती दिलंय. अम्मी तुझी आठवण काढते. "ती सुरगाणानी पोर कशी शे?" असं प्रत्येक फोनवर.

लवकर लिही. शेवटची तारीख ३१ जुलै.

तुझी,
खुशनुमा


करवंदेपाडा, ता. सुरगाणा,
२ जुलै २०२४

खुशनुमा,

पत्र मिळालं. पोस्टमननं ते फाट्यावरच्या दुकानात ठेवलं होतं, त्यामुळे चार दिवस उशीर झाला.

इथे आवणी सुरू आहे. चिखलात भाताची रोपं लावायला घराघरातले सगळे हात लागतात, म्हणून वर्गात निम्मी मुलं. मीही शाळा सुटल्यावर आमच्या पुंजादादाच्या शेतात वाकते. कंबर दुखते, पण बायका सोबत असल्या की कळत नाही. बायडाबाई अजून सगळ्यांच्या पुढे असते. सत्तरी ओलांडली असेल. तिचे शब्द टिपायला मी वही घेऊन बांधावर बसायचे, ते तिला आठवतं. "आता वही नाय आणत तू," असं परवा म्हणाली.

ग्रंथाचं म्हणशील तर माझं नाव राहू दे. नामवंत म्हणावं असं मी काही केलेलं नाही. मी सातवी ते दहावीला मराठी शिकवते. इथल्या मुलांच्या घरात मराठी नसते, आमची आदिवासी कोकणी असते. मला दोन्ही येतात म्हणून मुलं माझ्याशी बोलतात. यात ग्रंथात छापण्यासारखं काय आहे? त्यापेक्षा आपल्या बरोबरचा हर्षल बघ. दिंडोरीच्या द्राक्षबागांत औषध फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांवर त्यानं काम केलंय, सरकारनंही त्याची दखल घेतली.

माझी एक विद्यार्थिनी आहे, आरोही. यंदा बारावी झाली. तिला आपल्याच विद्यापीठात यायचंय. "मॅडम, तुमच्यासारखं व्हायचंय," म्हणते. घरून नकार आहे. यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. तिच्यासाठी प्रवेशाची माहिती पाठवलीस तर बरं होईल.

अम्मींना सलाम सांग. मी बरी आहे म्हणावं.

मैना


भोपाळ,
२० जुलै २०२४

प्रिय मैना,

तुझा नकार मी मोजत नाही. परीक्षेत पहिली आलीस तेव्हाही तू "पेपर सोपा होता" म्हणाली होतीस. तुझं नाव मी दिलंय आणि मंडळानं ते मंजूरही केलंय. मजकूर मीच लिहीन, तू फक्त फोटो पाठव.

एक गंमत ऐक, गंमत म्हणजे संतापच. शीर्षक नक्की काय ते बघावं म्हणून मी ग्रंथालयात गेले. तुझा प्रबंध कपाटात नाही. संगणकाच्या यादीतही नाही. परीक्षा विभागात विचारलं तर तिथला माणूस म्हणतो, "मॅडम, या नावानं पदवी दिल्याची नोंद नाही." मी म्हटलं, अहो, बाईच्या गावात कमानी लागल्यात आणि तुमच्याकडे नोंद नाही? जुन्या नोंदी संगणकावर चढवताना यांनी काय काय हरवलंय देव जाणे. मी सरळ कुलसचिवांकडे लेखी तक्रार केली आहे, ओवेसनं पाठवलेला फोटो जोडून. महिनाभरात चौकशी होऊन उत्तर येईल. तुझ्याकडे पदवी प्रमाणपत्र असेलच, त्याची प्रत लगेच पाठव म्हणजे यांचं तोंड बंद होईल.

आरोहीसाठी माहितीपत्रक जोडलंय. घरचे ऐकत नसतील तर मी येऊन बोलेन. माझ्या अब्बांना तूच समजावलं होतंस, विसरले नाही मी. नामपूरच्या बाजारात, कांद्याच्या गोण्यांवर बसून.

तुझी,
खुशनुमा


करवंदेपाडा,
४ ऑगस्ट २०२४

खुशनुमा,

ती तक्रार मागे घे. आजच घे.

नोंद हरवलेली नाही. मला पदवी मिळालेलीच नाही. मी प्रबंध दिलाच नाही.

आता पहिल्यापासून सांगते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आई आजारी पडली म्हणून मी घरी आले. प्रबंधाची पाच वर्षांची मुदत ३० सप्टेंबरला संपत होती. येताना मुदतवाढीच्या अर्जावर सही करून तो तुझ्याकडे दिला होता, मार्गदर्शक म्हणून पटेरियासरांची सही घेऊन पुढे पाठवायला. तू फोनवर सांगितलंस की सरांनी सही केली. मी निश्चिंत झाले. नोव्हेंबरात आई गेली. डिसेंबरात विद्यापीठाचं पत्र आलं, 'मुदतवाढीचा अर्ज मुदतीत प्राप्त न झाल्याने आपली नोंदणी रद्द करण्यात येत आहे.'

मला लगेच कळलं काय झालं ते. शेवटच्या प्रकरणावरून माझं नि सरांचं वाजलं होतं, हे तुला ठाऊक आहे. शेतीच्या कामातले बायकांचे शब्द मी गोळा केले होते. सरांनी प्रकरण परत दिलं आणि म्हणाले, "हे कोण बोललं? नावं कुठे आहेत?" मला ते फार लागलं. शहरातल्या मुलानं पुस्तकातून उतारे आणले तर त्याला कोणी असं विचारत नाही. मी माझ्या आईच्या तोंडचे शब्द आणले तर मला पुरावा मागतात. मी तसं बोलून दाखवलं आणि प्रकरण तिथेच टाकून खोलीतून उठून आले. त्यांनी त्याचा राग असा काढला. सही करून अर्ज विभागात दाबून ठेवला. नंतर त्यांची दोन पत्रं आली. मी ती न फोडता चुलीत घातली. दोन वर्षांपूर्वी ते गेल्याचं तू कळवलंस, तेव्हाही माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

आणि ते 'डॉ.'. जानेवारीत मी आश्रमशाळेच्या नोकरीचा आदेश घ्यायला नाशिकला गेले होते. एम.ए., बी.एड.वर मिळालेली नोकरी, त्यात डॉक्टरेटचा संबंध नव्हता. परत आले तर फाट्यावर कमान. गाववाल्यांना वाटलं, एवढा मोठा कागद आणायला गेली म्हणजे ती पदवीच असणार. पुंजादादा नारळ घेऊन उभा. मी म्हटलं, "दादा, हे काय? माझं अजून..." तो हळूच म्हणाला, "आय गेल्यापासून घरात कुणी हसलं नाय. आता काय बोलू नको."

मी बोलले नाही. वाटलं, दोन-चार महिन्यांत काहीतरी मार्ग काढू आणि मग खरंच होईल. तसं काही झालं नाही. शाळेच्या फलकावर 'डॉ.' लागलं. मुली 'डॉक्टर मॅडम' म्हणायला लागल्या. पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी अंगावर काटा यायचा. मग यायचा बंद झाला, ते जास्त वाईट.

कुणाला सांगू नकोस. आरोहीच्या घरी आत्ता कुठे होकाराची बोलणी चाललीत, माझ्याच नावावर. तक्रार मागे घे आणि माझं नाव त्या ग्रंथातून काढ. तुला तोंडघशी पाडलं, त्याबद्दल काय म्हणू.

मैना


भोपाळ,
९ सप्टेंबर २०२४

मैना,

महिना झाला, तुझं पत्र टेबलावर आहे. रोज उत्तर लिहायला बसते आणि तक्रार मागे घेतली एवढं एक वाक्य लिहून उठते. ती मागे घेतली आहे. तुझं नावही काढलंय. मंडळाला 'माहिती अपुरी' असं सांगितलं.

आता दुसरं.

पटेरियासरांनी अर्ज दाबला नव्हता. तू दिलेला अर्ज मी २८ सप्टेंबरला त्यांच्याकडे नेला. त्यांनी उभ्या उभ्या सही केली आणि म्हणाले, "विभागातून गेला तर वेळ लागेल. तू स्वतः खिडकीवर दे. आज दे." मी हो म्हटलं. खिडकीवर मोठी रांग होती, उद्या देऊ म्हणून परत आले. दुसऱ्या दिवशी मला उज्जैनच्या मुलाखतीचा फोन आला. तीस तारखेला सकाळीच बोलावलं होतं. माझी पहिली मुलाखत. मी कपडे, प्रमाणपत्रं, पुस्तकं गोळा करत राहिले आणि तुझा अर्ज माझ्या पिशवीतच उज्जैनला गेला. माझी निवड झाली. मी दोन दिवस तिथेच खोली शोधत फिरले. तीन ऑक्टोबरला भोपाळला आल्यावर पिशवी उपसली तेव्हा तो कागद हातात आला.

मी पळत खिडकीवर गेले. तिथल्या माणसानं तारीख बघितली आणि ठेवून घेतला. मी स्वतःची समजूत घातली की घेतला म्हणजे झालं. सरांनी विचारलं, "अर्ज दिला?" मी म्हटलं, "दिला." कधी दिला ते सांगितलं नाही. तुलाही नाही.

नोंदणी रद्द झाल्याचं कळल्यावर सर स्वतः तीनदा कुलसचिवांकडे गेले होते, हे मला त्यांच्या शिपायाकडून कळलं. मला त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. बहुतेक त्यांना समजलं होतं. मी उज्जैनला निघून गेले आणि नंतर ओवेसनं तो कमानीचा फोटो पाठवला. मला वाटलं, सुटलं सगळं, सरांनी काहीतरी करून घेतलं. म्हणून मी त्या दिवशी रडले होते. आठ वर्षं मी त्या फोटोच्या भरवशावर झोपले, मैना. तुझं खोटं माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी कधी तपासलं नाही.

माझ्या एका मुलाखतीपायी तुझी पाच वर्षं गेली. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

खुशनुमा


नामपूर,
१४ नोव्हेंबर २०२४

मैना,

दोन महिने तुझी ओळ नाही. बरोबरच आहे. हे पत्र उत्तराच्या अपेक्षेनं लिहीत नाही, दोन गोष्टी तुला कळायलाच हव्यात म्हणून लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आहे. अम्मीनं विचारलं, "मैनासंगे भांडण व्हयनं का?" मी मान हलवली. तिनं पुढे विचारलं नाही. परवा तुझ्याकडे यायला निघाले होते. कळवणपर्यंत आले. सुरगाण्याची जीप समोर उभी होती, दोन सीट रिकाम्या होत्या. बसले नाही. परत फिरले.

पहिली गोष्ट. प्रबंधाची मुदत संपून दहा वर्षं झाली नसतील तर विशेष समितीपुढे अर्ज करून प्रबंध देता येतो, असा नियम दोन वर्षांपूर्वी झालाय. अर्ज जानेवारी अखेरपर्यंत घेतात. कोरा नमुना सोबत आहे. दहा वर्षं पुढच्या सप्टेंबरात संपतील. त्यानंतर दार बंद.

दुसरी. मी जबलपूरला पटेरियासरांच्या घरी फोन केला होता. त्यांच्या पत्नी तिथे एकट्या असतात. तुझा कच्चा प्रबंध सरांनी शेवटपर्यंत आपल्या टेबलाच्या खणात ठेवला होता. त्यांनी तो मला पाठवला, तो या पाकिटात आहे. शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर सरांनी पेन्सिलीनं हिंदीत लिहिलंय, ते मी इथे मराठीत उतरवते, कारण तिथे अक्षर पुसट झालंय.

'मैनाला सांगणे : इतर सगळ्या प्रकरणांत विद्वानांची नावं आहेत. याच एका प्रकरणात नावं नाहीत. हे शब्द ज्या बायकांनी सांगितले त्याही विद्वानच आहेत. त्यांची नावं तळटीपेत नको, पहिल्या पानावर हवीत. मी हे नीट बोलू शकलो नाही. ती रागावून गेली.'

एवढंच.

खुशनुमा


करवंदेपाडा,
२ डिसेंबर २०२४

खुशनुमा,

तुझ्या सप्टेंबरच्या पत्रानंतर मी तुला तीन पत्रं लिहिली आणि टाकली नाहीत. त्यातली भाषा पोस्टात घालण्यासारखी नव्हती.

पण तुझं ते पत्र वाचून एक गोष्ट झाली. तू नऊ वर्षांनी खरं सांगितलंस, आणि मी मात्र तुलाच 'कुणाला सांगू नकोस' म्हणत होते. मला माझीच लाज वाटली. दोन ऑक्टोबरला ग्रामसभा होती. शाळेच्या ओट्यावर सगळे बसले होते. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर मी उठले आणि सांगितलं की मी डॉक्टर नाही, ती पदवी मला मिळालेली नाही आणि मी तुम्हाला इतकी वर्षं तसं समजू दिलं.

सरपंच म्हणाले, "मॅडम, हे आत्ता कशाला काढताय? कुणी विचारलं का?" पुंजादादा उठून निघून गेला. मागून कोणीतरी हसलं. मग बायडाबाई म्हणाली, "म्हंजे तू शिकली नाय?"

"शिकले. शेवटचं पुस्तक लिहून द्यायचं होतं, ते राहिलं."

"मंग माझ्याकडनं शब्द नेले ते कुठं हायेत?"

"घरी. पेटीत."

"पेटीत ठेवायला दिले व्हते का मी?"

नऊ वर्षं मी माझ्या अपमानाचा विचार करत होते. तो ठेवा ज्यांचा होता त्यांना काय सांगायचं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पुढचे दोन महिने सोपे गेले नाहीत. तालुक्याच्या एका साप्ताहिकात खोचक बातमी आली. मुख्याध्यापकांनी फलकावरची 'डॉ.' ही अक्षरं पांढऱ्या रंगानं झाकली. रंग नवा असल्यामुळे ती जागा उलट जास्तच उठून दिसते. दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस नागलीच्या भाकरी घेऊन आला आणि म्हणाला, "कमान मीच लावली व्हती. तुला बोलू दिलं नाय मी." आम्ही दोघं जेवलो.

आरोहीच्या घरचे काय म्हणतील याची मला सगळ्यात भीती होती. तीच आली. "मॅडम, तुम्ही तिथं पाच वर्षं राहिलात, हे तरी खरं ना?" मी म्हटलं, खरं. "तिथं आपल्यासारख्यांना शिकू देतात, हे खरं ना?" मी म्हटलं, खरं. "मग मला जायचंय." तिच्या बापानं अजून होकार दिलेला नाही, पण आता ती माझ्या पदवीवर नाही, स्वतःच्या हट्टावर भांडते आहे.

सरांचं ते पेन्सिलीतलं वाचलं. त्याबद्दल आत्ता लिहिता येणार नाही. त्यांची दोन पत्रं मी जाळली, त्यांत काय असेल ते आता कधीच कळायचं नाही.

समितीचा अर्ज मी भरला आहे. पोस्टानं पाठवणार नाही आणि तुझ्या हातातही देणार नाही. जानेवारीत स्वतः भोपाळला येऊन खिडकीवर देईन. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण मुक्कामाला तुझ्याकडेच येईन, दुसरीकडे कुठे जाऊ.

मैना


भोपाळ,
२२ मार्च २०२५

प्रिय मैना,

निर्णय लागला. तू सुनावणीहून गेल्याला तीन आठवडे झाले, मी रोज कार्यालयात चकरा मारत होते. समितीनं परवानगी दिली आहे. ३० सप्टेंबरच्या आत प्रबंध द्यायचा. सोबत प्रतिज्ञापत्र, की त्या उपाधीचा तू कुठेही फायदा घेतलेला नाही. अधिकृत पत्र वेगळं येईल.

तू खोलीबाहेर गेल्यावर आत काय झालं ते तुला हवं होतं, ते मला कार्यालयातून कळलं. एक सदस्य म्हणाले, "जी बाई नऊ वर्षं न मिळालेली पदवी लावत होती तिला आपण ती का द्यावी?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आपल्यापैकी कोणी पकडलं नव्हतं तिला. ती आपण होऊन आपल्या गावासमोर बोलली आणि मग इथे आली." मग मला आत बोलावलं. अर्ज माझ्या पिशवीत राहिला होता, असं मी सांगितलं. लेखी दिलं. तू जानेवारीत म्हणाली होतीस की मी गप्प राहिले तरी चालेल, माझी नोकरी जाईल वगैरे. नोकरी गेली नाही. ताकीद मिळाली आणि संपादक मंडळातून काढलं. बरंच झालं. मंत्र्यांच्या पानावर त्यांचा कुठला फोटो घ्यायचा यावर दोन बैठका गेल्या होत्या.

ग्रंथ परवा प्रकाशित झाला. जाडजूड आहे. हर्षलचं पान आहे, छान आलंय. पटेरियासरांवरचा मजकूर मीच आधी लिहून दिला होता, तो तसाच ठेवलाय. त्यात मी लिहिलंय की ते विद्यार्थ्यांच्या कामासाठी स्वतः कार्यालयाच्या पायऱ्या चढायचे. किती वेळा ते नाही लिहिलं.

आता शेवटचं प्रकरण लिही. मध्ये मध्ये मी काही विचारणार नाही. लागलं तर हाक मार.

तुझी,
खुशनुमा


जबलपूर,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय खुशी,

तोंडी परीक्षेनंतर तू भोपाळ स्टेशनवर मला सोडायला आलीस तेव्हा मी नाशिकच्या गाडीत बसणार नव्हते, हे तुला सांगितलं नव्हतं. रागावू नकोस. इकडे मला एकटीला यायचं होतं.

पटेरियामॅडमना सगळे अम्मा म्हणतात. दार त्यांनीच उघडलं. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "आओ. बड़ी देर कर दी." चहा दिला. मी तुझी आणि माझी सगळी हकीकत सांगितली. पत्रं जाळल्याचंही सांगितलं. त्यांना विचारलं, सरांनी त्यांत काय लिहिलं होतं ते ठाऊक आहे का? त्या म्हणाल्या, पहिलं पत्र लिहिताना ते दोन दिवस बसले होते, चार कागद फाडले. दुसरं माझ्या आईबद्दल होतं. आई गेल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. उत्तर आलं नाही तेव्हा ते अम्मांना म्हणाले होते, "नाराज़ है. होने दो, उसका हक़ बनता है."

मग मी रडले. ते गेल्याचं कळलं तेव्हा न आलेलंही सगळं आत्ता आलं. अम्मांनी मला थांबवलं नाही.

सरांच्या खोलीत एक फळी आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ओळीनं लावलेले. अम्मांनी माझी प्रत हातात घेतली, चष्मा लावला आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायला घेतलं. तेवीस नावं आहेत. पहिलं बायडाबाईचं, शेवटचं माझ्या आईचं. गावांची आणि आडनावांची त्या मोडतोड करत होत्या, मी सांगत होते, त्या पुन्हा म्हणत होत्या. एकही नाव त्यांनी सोडलं नाही. गावी एक प्रत मी आधीच दिली आहे. बायडाबाईला वाचता येत नाही. तिनं आपलं नाव कुठे आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं आणि "बरं हाय" म्हणाली. दादा मात्र रोज एक पान वाचतो नि शब्दांत चुका काढतो. दोन खरंच निघाल्या.

आरोही दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येते असं तिनं लिहिलंय. तिला तिखट जपून दे. ती मागते, पण तिला सोसत नाही. तिच्या बापानं होकार देताना मला विचारलं होतं, "तिकडं पोरीचं कोण हाय?" मी तुझं नाव सांगितलं. सांगताना मला विचार करावा लागला नाही, तेव्हा माझंच मला कळलं. राग अजून थोडा शिल्लक असेल. पुढच्या सुट्टीत नामपूरला आलीस की कळवणहून परत फिरू नकोस. जीपमध्ये बस. काय उरलंय ते बांधावर बसून बोलून टाकू.

अम्मा म्हणाल्या, प्रबंधावर सरांसाठी काहीतरी लिही, मग फळीवर ठेवते. मी पेन घेऊन बराच वेळ बसले. क्षमा मागावी तर ती ऐकायला ते नाहीत, आणि आभार मानायचे तर कुठून सुरुवात करू. शेवटी पहिल्या कोऱ्या पानावर एवढंच लिहिलं, 'सर, नावं घातली.' खाली तारीख आणि सही केली.

अम्मांनी दारातून विचारलं, "लिख लिया?" मी हो म्हटलं. "तो चलो. दाल ठंडी हो रही है." म्हणून हे पत्र इथेच थांबवते.

तुझी,
मैना